निंबाआप्पांच्या गिरणीतला प्रलय

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. पिठाच्या गिरणीत घटकाभर उभं राहिलं की खांद्यावर आपोआप पीठ बसतं, तसे ते बसतात. आणि मी तर नव्वदच्या दशकातल्या बहुतेक दुपारी सुरतेतल्या पर्वत पाटियाच्या एका गिरणीतच काढल्या!

गिरणी निंबाआप्पांची. आप्पा मूळचे अमळनेरकडचे. तरुणपणी कापडाच्या लूमवर कामाला म्हणून सुरतेत आले आणि पुढे ही गिरणी टाकली. माणूस देवभोळा. सकाळची पोथी झाल्याशिवाय मोटर चालू करायचे नाहीत. समोरच माझा छोटा छापखाना. मी लग्नपत्रिका छापायचो आणि खान्देशातून आलेल्या आपल्या मंडळींसाठी एक पाक्षिक काढायचो. त्या पाक्षिकात आप्पांची कादंबरी क्रमशः यायची. कादंबरीत सुरतेवर अणुबॉम्ब पडतो, जग बुडतं, मग देवाचा शेवटचा अवतार पांढऱ्या घोड्यावरून येतो आणि उरलेल्यांचा न्याय करतो.

आता गव्हा-बाजरीचं दळण दळणाऱ्या माणसाच्या डोक्यात हे आलं कुठून?

* * *

मी एकदा विचारलंच. आप्पा म्हणाले, "एसटीत आलं."

एका नातेवाइकाच्या लग्नाला ते मांडवीकडे चालले होते. खिडकीतून लांबवर मोठे राखाडी घुमट दिसले. शेजारी एक म्हातारी बसली होती. तिनं घाईघाईनं हात जोडले, म्हणून आप्पांनीही जोडले.

म्हातारीनं विचारलं, "कोणाचं देऊळ म्हणायचं हे?"

मागून कोणीतरी सांगितलं, "आजी, देऊळ नाही. तिथं अणूपासून वीज करतात. बॉम्बमध्ये असतो ना, तो अणू."

म्हातारी म्हणाली, "मग तर त्याला चांगला दुरून नमस्कार केलेला बरा."

"तिचं काम झालं," आप्पा मला म्हणाले. "माझे हात मात्र तसेच राहिले. नमस्कार करावा की उतरून पळावं, तेच कळेना. लग्नात जेवणावर लक्ष नव्हतं बघ. घरी आलो आणि लिहायला बसलो."

* * *

आप्पांचा एक नियम होता. ज्या दिवशी कादंबरीत माणसं मरायची असतील, त्या दिवशी उपवास.

सिंधूअक्का, म्हणजे त्यांची बायको, सकाळी त्यांना विचारूनच चूल पेटवायची. गिरणीच्या मागच्या खोलीतून साबुदाण्याच्या खिचडीचा वास आला, की दळणाला आलेल्या बायका एकमेकींकडे बघायच्या.

"आज एकादशी आहे का ग?"

"एकादशी कुठली. आज बॉम्ब आहे."

मी आप्पांना म्हटलं, "अहो, कागदावरची माणसं ती. त्यांच्यासाठी कसला उपवास?"

"कागदावरची असली म्हणून काय झालं? एवढी माणसं मारायची आणि वर वरणभात ओरपायचा?"

* * *

वानखेडे सर गिरणीतल्या आमच्या बैठकीतले दुसरे. विदर्भातून आलेले, मराठी शाळेत विज्ञान शिकवायचे. अंक हातात पडला की लाल पेन घेऊनच वाचायचे.

एका रविवारी ते तावातावानं गिरणीत आले. "आप्पा, देवाचं मी काही बोलत नाही. तो तुमच्या श्रद्धेचा विषय आहे. पण बॉम्ब पडल्यावर हवेत जे विष राहतं, त्यात हा घोडा जगला काऊन?"

"देवाचा घोडा आहे, सर."

"असेल. श्वास तर घेते ना तो?"

आप्पांना हे लागलं. दोन दिवसांनी त्यांनी नवीन प्रकरण आणून दिलं. त्यात अवतार भेस्तानच्या बाजूनं शहरात शिरतो, आणि शिरण्याआधी खाली उतरून घोड्याच्या तोंडाला ओला रुमाल बांधतो.

प्लेगच्या साथीत सगळी सुरत तोंडाला रुमाल बांधून फिरली होती. त्यामुळे वाचकांना ते अगदी पटलं. सरांनी ते वाचलं, लाल पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "आता ठीक आहे."

* * *

कादंबरीत माणसं आमच्याच गल्लीतली असायची. नावं बदललेली, पण ओळखू यायची. गिरणीशेजारी हर्षदभाईंचं फरसाणाचं दुकान होतं. त्यांना मराठी वाचता यायचं नाही, पण गिऱ्हाइकांनी बातमी पोचवली की बॉम्बमध्ये तुम्ही गेलात.

हर्षदभाई दुकान सोडून गिरणीत आले. आप्पांना वाटलं, आता भांडण होणार. ते आधीच म्हणाले, "हर्षदभाई, कथेची गरज होती. राग मानू नका."

"मरवानो वांधो नथी, आप्पा," हर्षदभाई म्हणाले. मग सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत आले. "मरायला माझी काय हरकत नाय. सगळेच मेले, तर मी पण मेलो. पण मरताना माझा हात तराजूवर कशाला ठेवला? गिऱ्हाईक हसते!"

पुढच्या अंकात मी शुद्धिपत्र छापलं. फरसाणवाल्याचा हात तराजूवर नव्हे, छातीवर होता असे वाचावे.

* * *

पण सगळेच काही असं हसण्यावारी नेत नव्हते. आमच्या मागच्या चाळीत गंगूमाय नावाची म्हातारी एकटी राहायची. तिची सून तिला अंक वाचून दाखवायला यायची. एका अंकाच्या शेवटी लिहिलं होतं, 'पुढील अंकी जगाचा अंत.' म्हातारीला ते वर्तमानपत्रासारखं खरं वाटलं. तिनं शांतपणे आपली भांडी वाटायला काढली. परात एकीला, कळशी दुसरीला. तांब्याचा हंडा तिनं सिंधूअक्काला दिला आणि देवाचं नाव घेत बसली. जेवणही कमी केलं.

नेमकी तेव्हाच माझी मशीन बिघडली. अंक लांबला. जगाचा अंतही लांबला.

मग एके सकाळी गंगूमाय काठी टेकत गिरणीत आली. "काबरं रे भाऊ, जग बुडनं नही का आजून?"

आप्पा खाली बसले. तिचे पाय धरून म्हणाले, "माय, ती गोष्ट आहे. मी मनानं लिहितो."

"मनानं?" म्हातारीनं त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. मग आत तोंड करून हाक मारली, "सिंधू, मना हंडा दी टाक."

तेव्हापासून प्रत्येक प्रकरणाच्या वर 'ही गोष्ट आहे' अशी ओळ मोठ्या टाइपात जायला लागली. आप्पांनी ती स्वतः सांगितली.

* * *

आणि मग अठ्ठ्याण्णवचा मे महिना आला. वाळवंटात अणुचाचण्या झाल्याची बातमी आली. चौकात फटाके वाजले, पेढे वाटले गेले. पोरांचा एक घोळका हार घेऊन गिरणीवर आला. "आप्पा, तुम्ही आधीच लिहिलं होतं!" म्हणून त्यांनी आप्पांच्या गळ्यात हार घातला.

आप्पांनी तो निमूट घालून घेतला. मग मोटर बंद केली, लोकांचे डबे तसेच ठेवले आणि निघून गेले. दुपार उलटली तरी पत्ता नाही. सिंधूअक्का घाबरली. मी आणि सर शोधायला निघालो. आप्पा देवीच्या देवळात खांबाला टेकून बसलेले सापडले. गळ्यात हार तसाच.

सर त्यांच्याजवळ बसले. हळूच म्हणाले, "काय मागितलं देवीला?"

"काही मागितलं नाही. फक्त सांगितलं, की बाई, माझं लिहिलेलं मनावर घेऊ नको. मी हौशी लेखक आहे."

* * *

त्याच पावसाळ्यात कादंबरीतली सगुणा मेली. सगुणा म्हणजे गिरणीवाल्याची बायको. बॉम्बनंतर सगळे गिरणीत लपलेले असतात. पोरं पाण्यासाठी रडतात, म्हणून ती घागर घेऊन बाहेर पडते आणि परत येत नाही. ते प्रकरण वाचून बायका रडल्या. सिंधूअक्का मात्र फक्त म्हणाली, "चांगलं लिहिलंय."

अंक वाटून झाला आणि थोड्याच दिवसांत सिंधूअक्काच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, गाठ आहे, काढावी लागेल, काढल्यावर कळेल कसली ते.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आप्पा दवाखान्यातून थेट छापखान्यात आले. हातात दोन पानं. "प्रकाश, हे आज छाप."

"आप्पा, अंकाला अजून वेळ आहे."

"ऑपरेशन उद्या आहे."

मी पानं वाचली. ढिगाऱ्यातून सगुणा उठते, पदर झटकते, गिरणीत येते आणि विचारते, "दळण कोणाचं राहिलंय?"

वानखेडे सर तिथंच बसले होते. त्यांनी सवयीनं लाल पेन काढलं. "पण आप्पा, इतक्या दिवसांनी मेलेली बाई उठते कशी?"

आप्पा म्हणाले, "सर, बॉम्ब मी टाकला होता. उठवायचं की नाही, ते मलाच बघू द्या."

सरांनी एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारला आणि पानं माझ्या हातात दिली. न्यूजप्रिंट संपला होता. मी ते प्रकरण एका लग्नपत्रिकेच्या उरलेल्या जाड कागदावर छापलं. वर गणपती होता, तो तसाच राहू दिला.

ऑपरेशन झालं. पुढं तपासणीचा निकाल आला, गाठ साधी निघाली. ते कळलं त्या दुपारी आम्ही भेटायला गेलो. सिंधूअक्का उशीला टेकून बसली होती. आप्पांनी खिशातून तो कागद काढला आणि सगळ्या वॉर्डासमोर वाचून दाखवला. अक्का डोळे मिटून ऐकत होती.

वाचून झालं. आप्पा वाट बघत राहिले.

"मेलेलं माणूस उठवलंत," अक्का म्हणाली, "आणि उठल्याउठल्या दळायला लावलंत?"

आप्पा गोंधळले. मग माझ्या खिशातलं पेन ओढून त्यांनी ती ओळ खोडली. "बरं. मग काय करू दे तिला?"

"चहा पिऊ दे," अक्का म्हणाली. "आणि तो नवऱ्यानं केला असं लिहा."