कोरड्या पीचचा बॉल

क्रिकेट क्लबाच्या किटमधले फाटके ग्लोव्हज कुणी टाकून देत नाही, तसेच किस्सेही पडून राहतात. आम्ही चार जुने खेळाडू सेलूला स्टेशनसमोर चहाला बसलो की ते बाहेर निघतात आणि सगळे हसतात. मीही वीस वर्षं हसलो. आता हसू येत नाही, म्हणून सांगतो.

आमचं ग्राउंड जिनिंगच्या मागे. काळी माती, फेब्रुवारीतच भेगा पडायच्या. त्यावर काथ्याची मॅट अंथरून खिळे ठोकायचे. असल्या कोरड्या पीचवर बॉल कोणता घ्यायचा, यावर टॉसच्या आधी अर्धा तास वाद. कॅप्टन दिगूशेठ, जिनिंग त्यांचीच, आणि त्यांना बॉल कोरा करकरीत लागे. मी विकेटकीपर. आमचा लेगस्पिनर सुदाम, दलित वस्तीतला, जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधायचा. बॉलिंग त्यानं करायची, पण बॉल कोणता ते त्याला कुणी विचारत नसे. त्याला एकच गोष्ट हवी होती, जिल्ह्याच्या टीमची टोपी.

एकदा मी विचारलं. म्हणाला, "कोरड्या पीचवर बॉल लय वळतो. इतका वळला की बॅटबी हुकती अन् स्टंपबी. मंग शिवण दबलेला, घासलेला बॉल पायजे, अन् बोटं शिवणीवर जरा तिरपी. कमी वळंल, पर कामाला येईल."

मी हे दिगूशेठच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "आता गाठी बांधणारा मला बॉल शिकवणार?"

जिंतूरच्या मॅचला कोराच बॉल घेतला. सुदामच्या दोन ओव्हरमध्ये बाइजच्या चौदा रन गेल्या आणि माझी ढोपरं फुटली. दुसऱ्या डावात दिगूशेठनी मुकाट्यानं जुना बॉल दिला आणि सुदामनं सात विकेट काढल्या. बक्षीस घेताना दिगूशेठ माइकवर म्हणाले, "बॉल निवडणं हीच खरी कॅप्टनशिप."

*

सगळ्या टीम बॉलला थुंकी लावून चमकवतात. आमच्याकडे सुदामच्या हातात बॉल एकदा गेला की त्यानंतर त्याला कुणी थुंकी लावत नसे, पँटला घासतही नसे. अडवायचा आणि फेकायचा. पाच-सहा ओव्हरमध्ये तो विटकरीसारखा खरबरीत व्हायचा, म्हणजे सुदामला हवा तसा.

एकदा समोरच्या टीमनं तक्रार केली की हे लोक बाटलीच्या बुचानं बॉल खरवडतात. अंपायरनं बॉल उलटसुलट करून पाहिला, आमचे खिसे तपासले आणि सांगितलं की कुणी काही केलेलं नाही. खरंच होतं, कुणी काहीच केलं नव्हतं.

*

चारठाण्याला मॅच होती. जेवणाची पंगत देवळाच्या सभामंडपात. आम्ही चपला काढून आत निघालो, तेव्हा दिगूशेठ वळून म्हणाले, "सुदाम, तू बाहेर बॉलकडं लक्ष ठेव."

किती सभ्य माणूस, असं मला तेव्हा वाटलं. पुढं तीन सीझन, प्रत्येक गावी, प्रत्येक लंचला सुदाम बाहेर बसून बॉलकडं लक्ष ठेवायचा. आमचा एकही बॉल कधी हरवला नाही.

*

मग विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि त्या पावसाळ्यात गावोगावी दलितांची घरं जळाली. सुदामच्या बहिणीचंही जळालं. तो तिकडं गेला, तो दिवाळीपर्यंत आलाच नाही. क्लबाच्या मीटिंगमध्ये त्याचा विषय निघाला. दिगूशेठ सुस्कारा टाकून म्हणाले, "वाईट झालं. पण पीच कोरडं पडायला लागलंय. कधी येतोय तो?"

मलाच पाठवलं बोलवायला. सुदाम बहिणीच्या घरावर नवे पत्रे ठोकत होता. खाली न उतरताच म्हणाला, "यीन मी. मला टोपी पायजे."

*

त्या वर्षी परभणीला जिल्ह्याची निवड होती. क्लबातून एकच नाव जायचं आणि ते पाठवणार दिगूशेठ. शेवटच्या मॅचला सुदामनं घासलेल्या बॉलवर नऊ जणांना गुंडाळलं. दिगूशेठनी त्याला लांबूनच शाबासकी दिली, बॉल घरी नेला आणि जिल्ह्याला नाव पाठवलं स्वतःच्या पुतण्याचं. मला म्हणाले, "टीमबरोबर सुदाम उतरेल कुठं, जेवेल कुठं? त्याचीच अडचण व्हायची." मी हो म्हणून मान हलवली. ती हलवायला नको होती.

दुसऱ्या दिवशी सुदाम मला घेऊन त्यांच्या दारात गेला. मला वाटलं, भांडणार. तो पायरीखाली उभा राहून दिगूशेठच्या आईला म्हणाला, "बाई, त्यो बॉल येकदा बघू द्या."

बाईंनी आतून बॉल आणला आणि त्याच्या ओंजळीत वरून सोडला. सुदामनं झेलला, शिवणीवरून बोट फिरवलं. चामडं फुगलं होतं, शिवण उसवली होती.

"धुतलाय जणू ह्यो?"

"धुवायला नको का? देवघराशेजारच्या कपाटात ठेवलाय."

सुदामनं बॉल अलगद पायरीवर ठेवला. समोर गल्लीचा हापसा होता. त्या हापशावर त्याच्या वस्तीतलं कुणी कधी जात नसे. सुदाम सरळ तिथं गेला, मला दांडा मारायला सांगितलं आणि बाईंच्या देखत कोपरापर्यंत हात धुतले.