व्हर्लिन श्राडरने विसरलेली खुर्ची

केलरटन कॉलेजच्या बेसबॉल टीमसाठी शाळेतली पोरं हेरून आणायचं काम व्हर्लिन श्राडर सत्तावीस वर्षं करत होता, आणि एवढ्या वर्षांत त्याने कॉलेजची टोपी घालून एकही मॅच बघितली नव्हती. टोपी आपली गाडीत. "टोपी दिसली की नाटकं सुरू होतात," तो म्हणायचा. "बॉल टाकणारा पिचर हात मोडेस्तोवर जोर लावतो, पोराचा बाप माझ्यासाठी कॉफी घेऊन येतो. मग मी काय डोंबल बघणार?" म्हणून हा गडी आईबापांच्या घोळक्यापासून लांब, कुंपणाला लागून, घडीची हिरवी खुर्ची टाकून बसायचा. खुर्चीची एक पट्टी तुटली होती, ती त्याच्या बायकोने, ओपलने, सुतळीने आवळून दिली होती. मांडीवर वही, कानावर पेन्सिल.

इतर कॉलेजांची तरुण मंडळी बॉलचा वेग मोजायचं यंत्र पिचरवर रोखून ओळीने बसतात. व्हर्लिनकडेही ते यंत्र आहे, टोपीशेजारी धूळ खात. त्याचं बघणं निराळं. बाद झालेलं पोरगं बॅट आपटतं का? आईने हाक मारली तर तोंड वाकडं करतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, बॉल आपल्याआधी फर्स्ट बेसवर पोचून आपण बाद होणार हे डोळ्यांना दिसत असताना तिथपर्यंतचे नव्वद फूट ते जीव तोडून पळतं का? जो पळाला नाही त्याच्या नावावर काट, मग तो कितीही मोठा तालेवार असो. या हट्टापायी दोन-तीन चांगली पोरं हातची गेली आणि पुढे नावारूपाला आली. ओपल ते पेपरातून मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवायची. व्हर्लिन हसायचा आणि आणखी एक पाव घ्यायचा. माणूस सुखी होता हो! नेब्रास्काच्या सरळसोट रस्त्यांवर गाडी हाकावी, मॅच बघावी, पोरगं आवडलं तर त्याच्या घरी जेवायला जावं. जेवताना दुसऱ्यांदा वाढलेलं नको म्हणायचं नाही हा त्याचा दुसरा नियम, आणि तो पोटावर दिसत होता.

त्या एप्रिलमध्ये टीममध्ये एकच जागा उरली होती, कॅचरची, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारख्या गड्याची. मुख्य कोच किप ड्वोराक, पस्तिशीचा. त्यालाही कधीकाळी व्हर्लिननेच कुठल्याशा शेतावरच्या स्वयंपाकघरातून उचलून आणला होता. किपच्या डोळ्यांसमोर डेन्व्हरचा एक मुलगा होता, फोनवरच्या व्हिडिओत बघितलेला. "त्याला सहा वाजता हो किंवा नाही सांगायचंय," किप म्हणाला. "तुमचा तो ब्रूक्सबर्गचा ओरोझ्को कसा आहे ते त्याच्याआधी कळवा. आणि रागाच्या भरात काही ठरवू नका."

"मी कधी रागावतो रे?" व्हर्लिन म्हणाला, आणि निघाला.

एफ्राइन ओरोझ्को सतरा वर्षांचा. त्याला दुसऱ्या एकाही कॉलेजने विचारलं नव्हतं. इथून नाही झालं, तर जूनपासून तोही आईसारखा गावातल्या मांसाच्या कारखान्यात उभा राहणार होता. हे व्हर्लिनला त्याच्या शाळेच्या कोचने आधीच सांगितलं होतं.

वारा असा की कुंपण करकरत होतं. सगळी यंत्रं पिचरवर रोखलेली, आणि व्हर्लिनची नजर एकट्या कॅचरवर. समोरच्या टीमच्या कुणी जमिनीलगत बॉल मारला की एफ्राइन अंगावरचा सगळा सरंजाम सांभाळत फर्स्ट बेसच्या मागे धाव घ्यायचा. तिथल्या खेळाडूच्या हातून बॉल निसटला तर अडवायला कुणी हवं म्हणून! बॉल एकदाही निसटला नाही. एफ्राइन अकरा वेळा पळाला, अकरा वेळा घाम पुसत परत आला, आणि ते कुणाच्या गावीही नव्हतं. "अरे माझ्या राजा!" व्हर्लिन स्वतःशीच म्हणाला आणि त्याने वहीत नावाखाली रेघ ओढली.

आणि सहाव्या डावात एफ्राइनने स्वतः जमिनीलगत बॉल मारला तो सरळ समोरच्याच्या हातात. चार पावलं पळाला, थांबला, आणि मान खाली घालून माघारी वळला.

व्हर्लिनला मुस्काटात बसल्यासारखं झालं. अकरा वेळा दुसऱ्यांसाठी पळालास, आणि स्वतःसाठी चार पावलं? त्याने नावावर काट मारली, ताडकन उठला, गाडीत बसला आणि फोन लावला. "ओरोझ्को नाही. डेन्व्हरवाला घे."

"झालं काय पण?"

"पळाला नाही." फोन बंद.

गावातल्या खानावळीत त्याने चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचा गोड पाव मागवला. इकडची ही हक्काची जोडी, पण घास उतरेना. अर्धा पाव संपवल्यावर आठवलं, खुर्ची! "मेलो," तो म्हणाला. "ओपल माझा जीव घेईल."

मैदानावर परत आला तेव्हा मॅच संपून गाड्या निघून गेल्या होत्या. त्याच्या खुर्चीवर एक बाई ऐसपैस बसली होती, पायात कारखान्याचे पांढरे रबरी बूट, हातात सूर्यफुलाच्या बियांची पिशवी.

"ती माझी खुर्ची आहे," व्हर्लिन म्हणाला.

"असेल. मी सकाळी पाचपासून उभी आहे. बसू द्या की घटकाभर, बाबा." बाईने पिशवी पुढे केली. "घ्या. आमचं येडं पळायचं थांबलं की देते खुर्ची."

तेव्हा त्याने मैदानाकडे बघितलं. एफ्राइन एकटाच होता. होमपासून, म्हणजे बॅटिंगच्या जागेपासून, फर्स्ट बेसपर्यंत जीव खाऊन पळत होता, चालत परत येत होता, पुन्हा पळत होता.

"कोचने शिक्षा दिली वाटतं?"

"कोच केव्हाच घरी गेला. कोच एक शब्द बोलला नाही. याचं यालाच खूळ! एका बॉलवर पळाला नाही म्हणे. मी विचारलं, का रे नाही पळालास? तर म्हणतो, आई, राग आला होता, दुसरं काही कारण नाही. आता वीस वेळा पळाल्याशिवाय जेवायला येणार नाही." बाईने टरफल थुंकलं. "बापावर गेलाय. आणि ज्याच्यासाठी एवढा आटापिटा, तो कॉलेजचा म्हातारा तर फिरकलासुद्धा नाही! मी कामावरून धावत आले, सगळीकडे बघितलं, कुठे टोपी नाही की काही नाही. अशी माणसं पोरांना आशा लावतात आणि तिकडे चिली हादडत बसतात."

व्हर्लिनला ठसका लागला. त्याने घड्याळ बघितलं. सहा वाजून दोन मिनिटं झाली होती! फोन गाडीत होता. तो धावत गाडीकडे गेला. त्या वयात, त्या पोटानिशी, पण धावला.

"किप! डेन्व्हरला सांगितलंस?"

"नाही अजून."

"अरे पण सहा..."

"तुम्ही फोन आपटलात की मी अर्धा तास जास्तच थांबतो," किप म्हणाला. "नऊ वर्षं तुमच्याबरोबर काम करतोय. बोला, काय ते."

व्हर्लिनच्या डोळ्यांत पाणीच आलं. "ओरोझ्को घे," तो म्हणाला. "राग येतो त्याला. माझ्यासारखाच आहे मेला." मग त्याने गाडीतली टोपी बाहेर काढली, झटकली, डोक्यावर घातली आणि कुंपणापाशी परत आला.

बाईने टोपीवरची अक्षरं वाचली. बियांची पिशवी तिच्या मांडीवरून घसरली. "अगं बाई," ती म्हणाली आणि उठायला लागली.

"बसा, बसा. चिली हादडायला गेलो होतो." तो गवतावर बसकण मारून बसला. "रात्री जेवायला काय आहे तुमच्याकडे?"

मैदानातून एफ्राइनलाही टोपी दिसली. तो जागीच थबकला, चेहरा पांढरा पडला. मग ओरडून म्हणाला, "सर, अजून तीन राहिलेत!"

"मग पळ की!" व्हर्लिन ओरडला. "मी कुठे जातोय?"

पोरगं पळू लागलं. व्हर्लिनने वही उघडली आणि पेन्सिल उलटी करून काट खोडायला घेतली. काट खोडायची वेळ सत्तावीस वर्षांत कधी आलीच नव्हती; पेन्सिलीमागचं रबर वाळून दगड झालं होतं. कागद फाटला, काट गेली नाही. शेवटी त्याने पान उलटलं आणि नव्या पानावर ते नाव पहिल्यापासून लिहिलं.