एका पिशवीची नोंद राहिली

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी नातीच्या कॉलेजच्या बॅगेत हात घालून बसले होते. ही माझी जुनी खोड. नात घरी येते, बॅग सोफ्यावर टाकून आत जाते, आणि माझा हात आपोआप चेनकडं जातो. चोरून काही बघायचं नसतं मला. बाटलीत पाणी किती उरलंय तेवढंच बघते, आणि तिनं ते बेसिनमध्ये ओतायच्या आत काढून गॅलरीतल्या कढीपत्त्याला घालते. नात हसते, "आजी, तू चेकनाक्यावर पाहिजे होतीस." तिला काय सांगू, की मी होतेच म्हणून. मिलिंद फोनवर म्हणाला, "सुमनमावशी, आई गेली. चहा पिली, गिलास विसळून पालथा घातला, जरा पडते म्हणली, अन्..." मी नाशिकला, लेकीकडं. लातूर इथून रात्रभराचा प्रवास, मातीला पोचण्यासारखं नाही. फोन ठेवला आणि बाटलीतलं पाणी कढीपत्त्याला घातलं.

मिलिंदची आई म्हणजे वच्छलाबाई. लातूरच्या एका कॉलेजात लेडीज रूमची शिपाई. मुली तिला मावशी म्हणायच्या, म्हणून मीही. मी तिच्या हाताखाली रोजंदारीवर होते. माझं माहेर मुदखेडकडचं एक खेडं. सहावीत शाळा सुटली, कारण सातवीचा वर्ग शेजारच्या गावात होता आणि मधे ओढा होता. पोरगी वाहून जाईल म्हणून आईनं पाठवलं नाही. पुढं दुष्काळात तो ओढा वर्षानुवर्षं कोरडा पडला, पण तोवर माझं लग्न झालं होतं. लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. भाड्याच्या घरांतून नवी नवी हापिसं निघत होती आणि प्रत्येक हापिसाला पाटी पाहिजे होती. माझा नवरा पाट्या रंगवणारा, म्हणून आम्ही आलो. पण एका गावाला पाट्या लागून लागून किती लागणार? पाट्या संपल्या, नवरा कामासाठी सोलापूरकडं गेला, दोन-तीन महिन्यांनी तोंड दाखवायचा. मी आणि वर्षाची लेक एका खोलीत. ह्या रोजंदारीवर आमच्या दोघींचं सगळं. उद्या येऊ नको म्हणाले तर कुठं जायचं, हा विचार सकाळी वेणी घालताना सुरू व्हायचा तो संध्याकाळी भाकरी थापेपर्यंत.

पहिल्याच दिवशी दुपारी मावशीनं आपल्या पिशवीतून अॅल्युमिनियमचा गिलास काढला, रांजणातलं पाणी घेतलं आणि माझ्यापुढं धरला. "घे. लई ऊन हाय." मावशी शिरूर अनंतपाळकडची, बौद्ध घरातली. मी गिलास घेतला... पण क्षणभर थांबून घेतला. माझ्या आईनं न सांगता शिकवलेलं काहीतरी त्या क्षणात माझ्या हातात होतं. मी पाणी पिऊन टाकलं, गिलास विसळून परत दिला. तिनं तो पिशवीत ठेवला. पण तिला दिसलं असणार. अशा थांबण्याची तिला लहानपणापासून ओळख होती.

लेडीज रूम म्हणजे एक लांबट खोली, भिंतीला खुंट्या, दोन बाकं, कोपऱ्यात रांजण. मुली तासाला जाताना जास्तीचं सामान तिथं टांगून जायच्या. पिशव्या तरी किती तऱ्हेच्या! कुणाची खांद्याला लटकणारी शबनम, कुणाची वायरची विणलेली, कुणाची खताच्या पोत्याची धुऊन शिवलेली. मावशीला अक्षर येत नव्हतं, पण पिशवी उचलून ती मालकीण सांगायची. "ही औशाची. हिच्यात वह्या कमी अन् भाकरी जास्ती. येष्टी चुकली तर रातची सोय." एक मुलगी होती, चांगल्या घरची, ती पाण्याची बाटली घरून भरून आणायची. रांजण मावशी भरते म्हणून त्यातलं पाणी ती पीत नव्हती. हे मावशीला ठाऊक होतं आणि मावशीला ठाऊक आहे हे त्या मुलीला. दुसऱ्या वर्षीही पाऊस गेला, तशी ती बाटली रिकामी यायला लागली. पहिल्या दिवशी मुलगी बाटली हातात घेऊन रांजणाजवळ नुसतीच उभी राहिली. मावशीनं ती तिच्या हातून घेतली, काठोकाठ भरली, वर फडक्यानं पुसून दिली. ती गेल्यावर मी म्हटलं, "मावशी, हिलाबी?" तर म्हणाली, "का? तिला काय येगळी तहान लागती व्हय?"

मग सगळ्याच पिशव्यांचं वजन उलटं झालं. सकाळी हलक्या यायच्या, संध्याकाळी जड होऊन जायच्या. कॉलेजच्या बोअरला पाणी टिकून होतं, आणि गावात नळ आठवड्यातून कधी यायचा ते नळालाच माहीत. खोल्या घेऊन राहणाऱ्या मुली पिशवीतून गोडेतेलाची कॅन, सरबताची बाटली, काय काय आणायच्या आणि भरून न्यायच्या. एकीनं तर रबराची शेकायची पिशवी भरून वह्यांच्या खाली चपटी बसवली होती. विचारलं तर म्हणे, "पोट दुखतंय मावशी." मावशी म्हणाली, "गार पान्यानं शेकतीस व्हय गं?" सगळी खोली हसली. मावशीचं एक ठरलेलं बोलणं होतं, "सकाळी रिकामं यायचं, संध्याकाळी भरून जायचं. कालेज आणिक कशाला असतंय?"

बोअर मधेच हवा ओकायला लागली तेव्हा हेडक्लार्कनी, त्यांना सगळे बडेबाबू म्हणत, आम्हा दोघींना बोलावलं. माणूस वाईट नव्हता. प्रयोगशाळा बंद पडेल, संडासाला पाणी राहणार नाही, ही काळजी खरीच होती. त्यांनी माझ्या हातात एक नवं रजिस्टर दिलं. "तुला लिहिता येतं ना? सुटताना पिशव्या तपासायच्या. पाणी नेणारीचं नाव लिहायचं, वर्ग लिहायचा. खाली वच्छलाबाईचा अंगठा घ्यायचा. काम नीट केलंस तर पुढच्या वर्षी तुझं नाव कायमसाठी टाकू." शाळा सुटल्यापासून माझ्या अक्षराची कुणाला गरज पडली नव्हती. खरं सांगते, मला आनंद झाला. मी रजिस्टरला घरून जुन्या वर्तमानपत्राचं कव्हर घातलं.

पहिल्या संध्याकाळी मी दाराशी बसले. मुली कुजबुजल्या, "आल्या बघा, जप्तीवाल्या!" अकरा नावं झाली. मावशी भिंतीला टेकून बघत होती. मुली गेल्यावर मी शाईचा पॅड पुढं केला तर तिनं हात मागं घेतला. "वाच आधी. वाचल्याबिगर अंगठा न्हाई." मी वाचलं. नाव, वर्ग, पाणी. नाव, वर्ग, पाणी. तिनं ऐकलं, उठली आणि खुंटीवरची माझी हिरव्या वायरची पिशवी उचलली. नुसती उचलली, तळहातावर तोलली आणि परत टांगली. "आन ही कोन लिव्हनार?"

माझ्या पिशवीत बाटली होती. रोज असायची. लेकीला उकळून द्यायला. मी जागच्या जागी रडायला लागले. "मावशी, बडेबाबूंना सांगू नका... मला काढतील." ती माझ्याजवळ खाली बसली. "सांगाया मी काय खुळी हाय?" मग म्हणाली, "आमच्या गावात आमी हिरीपशी बसायचो, घागर घिऊन. मी अन् माझी आई. कुनी वरून वतलं तर पानी. वतनारी मधीच थांबायची, शेजारनीशी बोलाया. आई म्हनायची, बोलू नको, अर्धी तर अर्धी. सुमे, म्या पानी अडवायची न्हाई. पर तुझी रोजीबी जाऊ द्यायची न्हाई." तिनं रजिस्टर माझ्या मांडीवर ठेवलं. "बाबू म्हनला, पिशवी तपासून लिव्ह. मग आख्खी पिशवी लिव्ह की. पान्याचंच कशापाय? जे हाय ते समदं लिव्ह."

दुसऱ्या दिवसापासून मी सगळं लिहिलं. मुलीही मग स्वतःच पिशव्या उघडून दाखवायला लागल्या. 'वह्या दोन, एकच वही दोन्हीकडून लिहिलेली. गाईड एक, तिघींत. भाकरी अर्धी, ठेचा. आरशाचा तुकडा. पाणी एक बाटली.' 'एस.टी.चा पास. आईच्या दम्याच्या गोळ्या. कागदात गूळ. पाणी एक कॅन.' 'वही एक. खडूचे तुकडे, धाकट्या भावासाठी. चपलेसाठी पिना. पाणी.' बी.ए.च्या एका मुलीच्या पिशवीत इतिहासाच्या पुस्तकाखाली चिंध्यांची गुंडाळी होती. मी विचारलं, तिनं हात पुढं केले. मी लिहिलं, 'चिंध्या, हाताला बांधायच्या.' रोज सुटल्यावर मी सगळं मावशीला वाचून दाखवायचे. ती डोळे मिटून ऐकायची, आणि मगच अंगठा. एकदा म्हणाली, "माझीबी लिव्ह." मी लिहिलं, 'वच्छलाबाई. गिलास एक, चुन्याची डबी, भाकरी अर्धी.' "आन तुझी?" मी म्हटलं, लिहिते. आज लिहिते, उद्या लिहिते... प्रत्येक वेळी पेन घ्यायचे आणि बडेबाबूंचा चेहरा समोर यायचा.

आठवड्यानं आम्हा दोघींना रजिस्टर घेऊन बोलावणं आलं. बडेबाबू वाचत गेले तसे लाल होत गेले. "पाणी लिहायला सांगितलं होतं, हा बाजार कुणी मांडायला सांगितला?" प्राचार्यांच्या खोलीचं दार उघडं होतं. ते बाहेर आले, रजिस्टर घेतलं, उभ्यानंच वाचायला लागले. बरीच पानं वाचली. मग मला विचारलं, "ह्या चिंध्या कशाच्या?" मावशी म्हणाली, "सुट्टीच्या दिशी खडी फोडाया जाती साहेब, रोजगार हमीवर. हाताला बांधाया." साहेबांनी आणखी एक पान उलटलं आणि रजिस्टर मिटून आत घेऊन गेले. ते परत आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. तपासा असंही कुणी म्हटलं नाही, तपासू नका असंही नाही. पिशव्या जड होऊन जात राहिल्या.

पण बडेबाबूंना उत्तर पाहिजेच होतं. सोमवारी त्यांनी पुन्हा विचारलं, हे असं लिहायची अक्कल कुणाची? मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाली, "अंगठा कुनाचा हाय त्या पानावर? माझा. मग सांगनारी मीच. म्या सांगितलं तेवढं पोरीनं लिव्हलं." ते खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं. लिहिणारे हात माझे होते, आणि ते मी पदराखाली घेऊन उभी होते. मावशीची बदली मागच्या आवारात झाली, झाडलोट करायला, उन्हात. पंधरा वर्षं सावलीत काम केलेली बाई निवृत्त होईपर्यंत उन्हात राहिली. मी लेडीज रूममध्येच राहिले, यथावकाश कायम झाले. लेकीला शिकवलं, तिचं लग्न केलं, आज नाशकात गॅलरीत बसून कढीपत्त्याला पाणी घालते, हे सगळं त्या एका वाक्यावर उभं आहे.

मावशी रोज दुपारी पाणी प्यायला खोलीत यायची. पिशवीतून गिलास काढायची आणि आता मी भरून द्यायचे. एकदाच मी धीर केला. "मावशी, त्या दिवशी मी काही बोलले नाही..." तिनं गिलास तोंडाला लावला होता, तो खाली केला. "कोन्ता दिस? लई दिस हायत," म्हणाली आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

मावशीच्या दिवसकार्याला, पुण्यानुमोदनाला, मी लातूरला गेले. वंदना झाली, जेवणं झाली, माणसं पांगली. मिलिंदनं मला आतल्या खोलीत नेलं. खुंटीला तिची पिशवी तशीच होती. "आईची पिशवी कुणी काढायची नाही असं पोरं म्हणतात," तो म्हणाला. मी ती उचलली. हातावर तोलली, तिच्यासारखीच. आत गिलास होता. चुन्याची डबी होती. मी परत टांगली... आणि परतीच्या गाडीत नातीकडून मागून आणलेल्या वहीत पान आखायला घेतलं. नाव, वर्ग, पिशवीत काय, तपासणारीचा अंगठा. गाडीच्या हेलकाव्यात अक्षर वाकडं येत होतं. पण जे राहिलं होतं ते लिहिलं:

सुमन, लेडीज रूम, रोजंदारी. हिरव्या वायरची पिशवी एक. भाकरी दीड, कांदा. मुलीचं झबलं, शिवायला काढलेलं. बाटली एक, भरलेली. पाणी कॉलेजचं.

अंगठ्याची जागा मोकळी ठेवली आहे.