ग्रामसभा पाहायला गेलो आणि हळदीचा पाला कापून आलो

रेणुकानं फोनवर साफ सांगितलं होतं, "येऊ नको." म्हणून मी गेलो.

"सव्वीस जानेवारीची ग्रामसभा हाय, खेळ न्हाई. तू आला की भांडण होतंय," असंही ती म्हणाली होती. खोटं नाही. कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सोडलं तेही भांडूनच. तिनं सोडलं नाही. पदवी घेतली, वसमत तालुक्यातल्या आपल्या तांड्यावर परत गेली, आणि तेव्हापासून तिच्या तोंडी एकच विषय: अंगणवाडीतल्या लेकरांच्या ताटात काय पडतं. माझ्या तोंडी एकच विषय: ती. तेव्हा जाणं भाग होतं.

नर्सीजवळच्या आमच्या गावातून पंचवीस तारखेला सकाळी सातला गाडी काढली. दोनशेचं पेट्रोल. हिंगोलीपर्यंत बोटं गारठून गेली. हातमोजे घ्या, माझ्यासारखं मर्द बनू नका. औंढ्याला थांबून पोहे आणि दोन चहा, पन्नास रुपये. तिथून वसमतच्या बाजूला रस्ता मस्त आहे. कुरुंद्याकडे विचारत विचारत आत वळलात की मात्र खड्डे सुरू. पण दोन्ही बाजूंना उभी हळद, आणि कापलेल्या पाल्याचा तो तिखट-गोड वास नाकात असला की खड्ड्यांची तक्रार कोण करतो? गावाचं नाव लिहीत नाही. रेणुकाचा हुकूम आहे: "नाव टाकलंस तर उद्या सगळे रील काढायला येतील."

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी महिला सभा असते, हे मला तिथं पोचल्यावर कळलं. समाजमंदिरात पन्नासेक बाया. प्रत्येकीनं फडक्यात बांधून एक भाकर आणली होती, आपल्या घरच्या ज्वारीची. ज्यांच्या घरी ज्वारी पिकत नाही त्यांनी शेंगदाणे, तुरीचे सोले म्हणजे ओले दाणे, मेथीची जुडी, जे असेल ते. लेकरांना हे द्या, असं नुसतं सांगायचं नाही, आणून दाखवायचं, असं ठरलेलं.

सगळ्यांत पुढं शेवंताबाई, रेणुकाची मावशी. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हा कोण?"

"कॉलेजातला. ब्लॉग लिहितो," रेणुका म्हणाली.

"ते कळलं. काम काय करतो?"

"तेच."

"बरं. पाहुण्याला आधी वाढा." आणि माझ्यापुढं भाकर नाही, अंगणवाडीत वाटतात त्या पाकिटातला भिजवलेला गोड लगदा आला. "खा बापू. आमची लेकरं खातेत, तू काहून न्हाई?"

पहिला घास टाळूला चिकटला. दुसरा मी गिळला, कारण रेणुका पाहून राहिली होती. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग तुरीच्या सोल्यांची आमटी, भाकर आणि ठेचा. तुम्ही कितीही हॉटेलं पालथी घाला, जानेवारीतले सोले खाल्ले नसतील तर मराठवाडा तुम्हाला कळलेला नाही.

त्यांची मागणी शेवंताबाईनं दोन बोटांवर सांगितली. "एक, पाकिटं नगं, ताजं शिजवलेलं पायजे. दोन, ज्वारी-तूर-भाजी गावातल्याच दोन-तीन एकरवाल्याकडून घ्यायची, बराबर भावानं. बापू, इथं समदं हळद अन् सोयाबीन. ज्वारी घेणारं कोणी न्हाई म्हणून पेरत न्हाईत. पेरत न्हाईत म्हणून लेकराच्या ताटात न्हाई. कुठून तरी गाठ सोडावी लागंल का न्हाई?"

मी कॉलेजात अर्थशास्त्राचे दोन पेपर दिले होते. इतकं सरळ कोणी शिकवलं असतं तर राहिलो असतो.

रात्री वसमतला लॉजवर, चारशे रुपये, गरम पाणी सकाळी सहाच्या आत मागा.

सव्वीसला झेंडावंदन झालं आणि सभेला माणसंच कमी. ग्रामसभेला शंभर माणसं लागतात, त्यालाच कोरम म्हणतात. नसली तर सभा तहकूब, आणि पुढच्या सभेला ती अट नसते. म्हणजे हळदीच्या ऐन धांदलीत चार-पाच जण बसणार आणि विषय वहीतच मरणार. नऊ बाया कमी पडत होत्या. त्या हळदीच्या पाल्यावर मजुरीला गेल्या होत्या. मुकादमानं सुट्टी दिली नव्हती.

तेवढ्यात कडक इस्त्रीतला एक माणूस उठला. "आयती पाकिटं येतात की. रोज भाकरी थापायला हात कुठून आणायचे?"

बस. माझं डोकं गेलं. मी उभा राहून ओरडलो, "तुमच्या घरी कोणाचे हात थापतात? तुम्ही खा ना ती पाकिटं!"

तो शांतपणे म्हणाला, "आपलं मतदान कुठलं?"

माझं मतदान नर्सीकडचं. तो ग्रामसेवकाकडे वळला. "बाहेरची माणसं आणून सभा चालवायची असंल तर लिहा, साहेब. आजची सभाच बाद करा."

रेणुकाच्या दोन महिन्यांच्या कष्टावर मी एका वाक्यात पाणी ओतलं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बाहेर हो."

दारात शेवंताबाईनं माझं मनगट धरलं. "तोंड लई चाललं. आता गाडी चालव. त्या नऊजणीला सांग, म्हणावं शेवंता बलावून राहिली."

शेत गावाला लागूनच. निरोप ऐकून बाया उठल्या, पण मुकादम आडवा आला. "अर्ध्यात काम टाकून चालल्या? परत येताल याची काय खात्री?"

त्यांतली एक उंच बाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हे पोरगं ठिवून घ्या. आमी येईस्तोवर कापंल."

"नऊजणीच्या बदल्यात हा एक?"

"जवान हाय. अन् गाडीबी हाय."

मुकादमानं हात पुढं केला. मी चावी दिली. मी गाडीवरून सोडतो असं म्हणालो होतो, पण त्या पायीच निघाल्या. विळे माझ्या पायाशी ठेवून, त्यांच्या गोरमाटी बोलीत माझ्यावर काहीतरी बोलून हसत.

तर वाचकहो, ज्या सभेसाठी मी एवढ्या लांब आलो ती मी पाहिलीच नाही. मी हळदीचा पाला कापत होतो. वाकून. अर्ध्या तासात कंबर गेली, एका तासात तळहाताला फोड. "बुडातून काप, दाढी करतो का काय?" मुकादम बांधावरून म्हणत होता. त्या बाया हे दिवसभर करतात, आणि त्यातून उठून सभेला जातात.

दोन तासांनी त्या आल्या. उंच बाईनं आधी माझी सरी पाहिली. "हे काय, उंदरानं कुरतडलं?" मग विळा उचलत म्हणाली, "झाला ठराव. हात वर करून. दोन्हीबी गोष्टी."

मागून रेणुका आली, हातात फडकं.

"माझ्यामुळं बाद नाही झाली?"

"तू बाहेर गेलास, ह्या नऊजणी आल्या अन् ग्रामसेवकानं सह्या मोजल्या. मग तो इस्त्रीवाला काय बोलणार? आता ठराव तालुक्याला जाईल. तिथं परत भांडावं लागंल." तिनं माझा तळहात उलटा करून पाहिला. एवढंच. मग भाकर दिली. "तुझ्या गावची ग्रामसभा कशी होते?"

मला माहीत नव्हतं. एकवीस वर्षं त्या गावात राहतो मी.

घरी येऊन आता आठवडा झाला. फोड सुकले. एकूण खर्च हजाराच्या आत, कोणालाही परवडेल. त्या बायांचं मला काय वाटतं ते लिहायला गेलो की शब्द मोठे होतात आणि शेवंताबाई हसताना दिसते. म्हणून काल ग्रामपंचायतीत अर्ज दिला: एक मेच्या ग्रामसभेत अंगणवाडीच्या जेवणाचा विषय घ्यावा. न भांडता दिला. पोच घेतली, फोटो काढून रेणुकाला पाठवला. खरं सांगतो, लाल बदामाच्या इमोजीची वाट पाहत होतो.

एकच शब्द आला. "कोरम?"

आत आई भाकरी थापत होती. मी म्हणालो, "आई, एक मेला तुला ग्रामसभेला यायचंय."

"काहून? अन् भाकरी कोण करंल?"

मी हात धुतले आणि परातीपुढं बसलो.