वैद्यकीय दाखल्यातली कोरी जागा

मी धाडच्या शाळेत विज्ञान शिकवतो. दरवर्षी फळ्यावर हृदयाचं चित्र काढतो, लाल-निळ्या खडूनं रक्तवाहिन्या रंगवतो आणि रक्तदाब म्हणजे काय ते मुलांना समजावून सांगतो. स्वतःच्या रक्तदाबाबद्दल मात्र मी सहा महिने खोटं बोललो. तेही अशा माणसाशी, ज्याच्यासोबत मी एका दोराला बांधला जाणार होतो.

हा माणूस माझा शाळेतला वर्गमित्र. देऊळघाटला त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. गेट, ग्रील, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करतो. तो मला मास्तर म्हणतो, मी त्याला मिस्त्री. हिमालयातलं सहा हजार मीटरच्या वरचं एक बर्फाचं शिखर चढायचं, हे वेड मूळ माझं. पुण्याचं एक पथक जूनमध्ये जाणार होतं आणि बर्फावर दोघादोघांनी एका दोराला बांधून चालायचं होतं. मी त्याच्या दुकानात जाऊन पत्रक दाखवलं. त्यानं डोळ्यांवरचा काळा चष्मा वर केला, शिखराचा फोटो पाहिला आणि विचारलं, "वरतं जाऊन काय करतात बे?"

"काही नाही. उतरतात."

"मंग जाऊ," तो म्हणाला.

आखणी माझ्याकडे आली. मी दोनशे पानी वही केली. कोणत्या दिवशी किती चालायचं, विरळ हवा अंगवळणी पडावी म्हणून कुठं दोन दिवस थांबायचं, किती सुका मेवा, किती मोजे. रविवारी पाठीवर वीस किलो गहू घेऊन आम्ही राजूर घाट चढायचो. एसटीतले लोक खिडकीतून डोकं काढून विचारायचे, "काहो, दळण कुठं नेऊन राह्यले?" बर्फ आमच्या सात पिढ्यांनी पाहिलेला नाही. म्हणून घसरताना स्वतःला अडवायचा सराव आम्ही खडी फोडणाऱ्या एका क्रशरवर करायचो. तिथं दगडाच्या चुरीचा तीन मजली ढीग होता. मिस्त्रीनं गाडीच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांपासून, बर्फात रोवतात तशा दोन कुदळी घडवल्या होत्या. एकानं मुद्दाम घसरायचं, दुसऱ्यानं कुदळ रोवून अंगाखाली दाबून धरायची आणि दोर ताणू द्यायचा. घरी गेल्यावर कानातून, नाकातून चुरी निघायची. ते दिवस खरोखर आनंदाचे होते, हे मला मान्य करावं लागतं, आणि तेच मनाला जास्त लागतं.

मला दोन वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू होती. ही गोष्ट बायकोला आणि औषधाच्या दुकानदाराला माहीत होती. पथकाच्या पत्रकात लिहिलं होतं, की प्रत्येकानं डॉक्टरांचा दाखला द्यावा, आणि गोळी चालू असेल तर तसं कळवा, हृदयाच्या डॉक्टरांचं पत्र जोडा, मग विचार करू. मला त्या 'विचार करू'ची भीती वाटली. कळवलं असतं तर कदाचित नेलंही असतं. पण मी गावातल्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती.

"सर, तुमाले काय होते? तुम्ही तं दर रविवारी घाट चढता," असं म्हणत त्यांनी यंत्राला हातही न लावता दाखल्यावर सही केली, शिक्का मारला. दाबाची जागा कोरी होती. "आकडा तुम्हीच टाका, नॉर्मल."

मी शाळेत येऊन शिक्षकांच्या खोलीत बसलो आणि पेनानं लिहिलं, १२०/८०. अक्षर छान आलं. डॉक्टरचं वाटावं म्हणून मग ते थोडं बिघडवलं. हे बिघडवणं मला अजून आठवतं. नुसतं खोटं नव्हतं ते, त्याला मी कलाकुसर केली होती.

मिस्त्री बुलडाण्याच्या सरकारी दवाखान्यात गेला. अर्धा दिवस रांगेत उभा राहिला. त्याचा दाब आला एकशेपन्नास-पंच्याण्णव. तो कागद घेऊन सरळ शाळेत आला आणि मधल्या सुट्टीत वडाखाली मला म्हणाला, "मास्तर, हे काय आलं पाह्य. मी राहू देतो. तू दुसरा गडी पाहून घे. मायामुळं तुले काही झालं तं मी तुया घरी काय तोंड दाखवू?"

त्या वेळी माझ्या शर्टाच्या खिशात गोळ्यांची पट्टी होती. मी काय करायला हवं होतं, हे कोणीही सांगेल. मी भाषण दिलं. म्हणालो, "मिस्त्री, तू खरं सांगितलंस हे फार चांगलं केलंस. एका दोरावर खोटं चालत नाही. खोटं बोलणारा दोघांना मारतो." वर त्याला सल्ला दिला, मीठ कमी कर, चहा सोड, आठ दिवसांनी पुन्हा मोज. त्यानं तसं केलं. वेल्डिंगच्या धगीत उभा राहून आठ दिवस चहा सोडला. पुन्हा रांगेत उभा राहिला. दाब नीट आला तेव्हा त्यानं मला फोन केला आणि लहान पोरासारखा हसला. त्याच्या आवाजात माझ्याबद्दल आदर होता. आता तो आदर आठवला की तोंडात कडू पाणी येतं.

आमच्याकडे सत्कार परत आल्यावर होत नाही, निघण्याआधीच होतो. परत येईपर्यंत पुढारी मोकळे असतील याचा काय नेम? एप्रिलमध्ये बाजाराच्या दिवशी स्टँडजवळ फ्लेक्स लागला. बर्फात उभ्या असलेल्या कुणा दोन परदेशी गिर्यारोहकांच्या धडांवर आमची डोकी चिकटवलेली. मला गोरा केला होता. मिस्त्रीची टोपी कापली गेली होती. मिरच्यांच्या पोत्यांशेजारी उभं राहून त्यानं तो नीट पाहिला.

"असा फोटो तं माणूस गेल्यावर लावतात बे," तो म्हणाला.

शाल, नारळ, फेटा झाला. एक वक्ते म्हणाले, सरांनी शिखर सर केलंच असं समजा. मी हात जोडून मान लववली. पहिली ते दहावीची पोरं टाळ्या वाजवत होती. त्या दिवसानंतर माघार घेणं मला अशक्य वाटू लागलं. फ्लेक्सवरच्या त्या गोऱ्या तोंडाला मी घाबरत होतो, मरणाला तेवढा नाही. आणि मेलो असतो तर एकटा मेलो नसतो.

मेच्या अखेरीला पथकाचे प्रमुख आमची तयारी पाहायला येणार होते. ते दाब स्वतः मोजणार, असं कळलं. मी दोन दिवस आधीपासून गोळ्या दुप्पट केल्या. कुणाला विचारलं नाही. विज्ञानाचा शिक्षक!

ते यायच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही क्रशरवर शेवटचा सराव करत होतो. मिस्त्री वरून ओरडला, "मास्तर, येऊन राह्यलो!" आणि त्यानं अंग सोडलं. मला फक्त कुदळ रोवायची होती. मी वाकलो, उठलो आणि डोळ्यांपुढं काळोख आला. कुदळ हातातून कधी सुटली ते कळलं नाही. दोराला हिसका बसला आणि आम्ही दोघं ढिगाच्या तळापर्यंत एकमेकांत गुंतून आलो. त्याचं कोपर सोललं होतं, रक्तावर राखाडी चुरी चिकटली होती. क्रशरचा ऑपरेटर वरून हसत होता.

मिस्त्रीनं आधी मला उठवून बसवलं, बाटलीतलं पाणी माझ्या डोक्यावर ओतलं. "काऊन बे, जेवला नाई का? वैनीनं हाकलून देलं?"

तेव्हा मी सांगितलं. सगळं. गोळ्या, कोरी जागा, पेन.

तो बराच वेळ कोपरावरची चुरी नखानं काढत राहिला. मग म्हणाला, "कवापासून?"

"दोन वर्षं."

"म्हंजे मी वडाखाली कागद घेऊन आलो, तवा बी?"

"हो."

"खिशात होत्या?"

"होत्या."

तो मला शिवी देईल असं वाटलं होतं. मला ती हवी होती. त्यानं कमरेची गाठ सोडली, नंतर माझी सोडली. माझी गाठ सोडताना त्याचे हात माझ्या अंगाला लागू नयेत याची तो काळजी घेत होता. मेलेल्या जनावराला बाजूला करताना माणूस जसं करतो, तसं. "प्रमुखाले तूच सांगशीन," एवढंच बोलला आणि दोर गुंडाळून गाडीकडे गेला.

मी त्या संध्याकाळी प्रमुखांना पत्र लिहिलं. मला वाटलं होतं, एकदा खरं बोललो, आता सोपं जाईल. कागदावर लिहिलं, 'घरगुती कारणामुळे येऊ शकत नाही.' त्याचा फोटो काढून फोनवर पाठवूनही टाकला. प्रमुखांनी फोन करून कारण विचारलं, तेव्हा त्यांना आणि मग गावातही आईच्या तब्येतीचं सांगितलं. आई ठणठणीत होती, भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती.

प्रमुख आले, मिस्त्रीचा दाब मोजला, त्याला नागपूरच्या एका माणसाबरोबर बांधायचं ठरवलं. तो गेला. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला. आवाज तुटत होता. शिखरावर जाऊन खाली आले होते, पायाची दोन बोटं बधिर होती, बाकी ठीक. मी अभिनंदन करायला तोंड उघडलं, तर तो मध्येच म्हणाला, "थांब, एक सांगाचं होतं. प्रमुख साहेबानं वरतं तंबूत सगळ्यांसमोर विचारलं, तुमच्या मास्तरांच्या आईची तब्येत कशी आहे?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी म्हणलो, बरी हाये. आता बरी हाये," तो म्हणाला. "तूनं मले बी खोटं बोलाले लावलं, मास्तर."

फोन त्यानं ठेवला की लाईन गेली, ते मला कळलं नाही. मी पुन्हा लावून पाहिला नाही.