नोटोस आला की खिडक्या लाव

केमिकल प्लांटमध्ये वीस वर्षं काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, टाकीच्या तळाशी गाळ साचावा तसे आपोआप साचतात. आमचे बहुतेक वाऱ्याचेच. गॅस गळला तर पळायचं कुठे, हे शेवटी वाराच ठरवतो!

*

आमच्या शिफ्ट इन्चार्ज निमकरसाहेबांना प्राचीन ग्रीकांचं वेड. ग्रीक लोक वाऱ्यांना देव मानायचे. अथेन्सला एक अष्टकोनी मनोरा आहे, आठ बाजूंवर आठ दिशांचे वारे कोरलेले. साहेबांनी ते आठही कंट्रोल रूमच्या भिंतीवर रंगवले. उत्तरेकडून येणारा बोरियास, दक्षिणेकडून येणारा नोटोस वगैरे. लॉगबुकातही रोज तशीच नोंद! एकदा गुजराती ऑडिटर म्हणाला, "आ बोरियासभाई कोण छे? एमनो गेटपास बतावो!"

*

आमची कॉलनी प्लांटच्या उत्तरेला, भिंतीला लागून. म्हणजे नोटोस सुटला की तो थेट आमच्या घरांवर. माझी अनघा तेव्हा दहा वर्षांची. तिची आई शहरात समा भागातल्या शाळेत शिकवायची, म्हणून दुपारी पोरगी घरी एकटी. खांबावरची वाऱ्याची कापडी पिशवी बघून मी फोन करायचो, "नोटोस आलाय, खिडक्या लाव." बाकी कोणीही आला तर उघड्या. तिला तो खेळ वाटायचा. मला मात्र खरंच भीती वाटायची.

*

शहरात अकोटा भागात एका लग्नात आमच्या प्लांटमधल्या जयेशभाईंनी मांडवाची झालर कुठे उडतेय ते पाहिलं आणि अख्खं कुटुंब उठवून दुसऱ्या टेबलावर नेलं. ताटातल्या उंधियूच्या भाजीकडे बोट दाखवून वहिनी वैतागल्या, "ऊंधियामांथी शुं लीक थशे?" आम्ही कोणीच हसलो नाही. आमच्याही खुर्च्या केव्हाच फिरल्या होत्या!

*

मी एकदा विचारलं, "साहेब, आठांत वाईट कोणता?"

"तो भिंतीवर नाहीच. वारा पडतो ना, तेव्हा खरं मरण. गॅस निघून जात नाही, जमिनीलगत चहूकडे पसरत राहतो. त्याचं चित्र त्या मनोऱ्यावरही नाही."

त्या दिवशी चहा कोणाला गेला नाही.

*

आणि एका दुपारी सायरन वाजला. ड्रिल नव्हतं, क्लोरीन होता. सकाळपासून नोटोस होता, त्यामुळे घरच्या खिडक्या बंद होत्या. सगळ्यांनी वर पाहिलं. पिशवी खांबाला सरळ लोंबत होती.

मी घरी फोन लावला. अनघानंच आधी विचारलं, "बाबा, आता कोण आलाय?"

"कोणीच नाही गं. अनघा, ऐक—"

"कोणीच नाही? मग उघडते खिडक्या!" म्हणाली आणि फोन ठेवून पळाली.