राहिलेली वीस पानं

लिहायला बसलो खरा, पण आधी वाचणाऱ्यांची माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सहीसुद्धा केलेली नाही. वडील आजही अंगठा उठवतात. मी कॉलेजात गेलो एवढ्यावरून काही लिहिण्याचा हक्क मला मिळतो, असं मला वाटत नाही. शिवाय जे सांगायचं आहे त्यात माझी शोभा नाही. तरी ते माझ्याजवळच ठेवणं जमेनासं झालं आहे.

आमचं गाव अमळनेर आणि जळगावच्या मधलं, जिनांचं, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यांचं. कापसाच्या हंगामात गावावर कायम बारीक धूळ तरंगत असते. बाजारपेठेच्या मागे एका जुन्या कचेरीच्या ओसरीवर आमचं वाचनालय होतं. दोन कपाटं, एक लांब सतरंजी आणि नाना. नाना शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. लढाईमुळे कागद मिळत नव्हता, नवी पुस्तकं जवळजवळ येतच नव्हती. आहेत तीच लोकांनी नीट वाचावीत म्हणून नानांनी एक नियम केला होता. रविवारी दुपारी पुस्तक परत करायचं ते सगळ्यांसमोर, आणि त्याबद्दल चार शब्द बोलून. पुस्तक आणखी आठवडाभर ठेवायचं असलं, तरी तोवर जेवढं वाचून झालं तेवढ्यावर बोलायचं. न बोलणाऱ्याला दुसरं पुस्तक नाही.

त्यामुळे रविवारी ओसरीवर गंमत असे. किराणा दुकानवाले शेठ फक्त खून-चोरीच्या गोष्टी वाचत आणि दर वेळी तेच सांगत, "नाना, चोर मी तिसऱ्या पानावर ओळखला. उरलेली पानं फुकट."

"मग वाचलीत कशाला?" नाना विचारत.

"माझा अंदाज बरोबर होता का ते बघायला!"

पण लोक खरे थांबत ते जिनवाल्या भाऊंसाठी. भाऊ जिनात कापसाच्या गाठी बांधायचे. चाळिशीचा, रुंद हातांचा, कमी बोलणारा माणूस. शिरपूरकडच्या एका खेड्यातून हंगामापुरते येत आणि जिनाच्या मागच्या खोल्यांत बायकोसह राहत. ते उभे राहून, जमिनीकडे बघत, पाठ केल्यासारखं बोलत. पण जे बोलत ते कुणालाच सुचलेलं नसे. एकदा एका नावाजलेल्या कादंबरीबद्दल ते म्हणाले, "या पुस्तकात सगळे तीन-तीनदा जेवतात. पण चूल कुणी पेटवत नाही." ओसरीवर आधी हशा झाला, मग माना हलल्या, कारण ते खरं होतं. दुसऱ्या एका पुस्तकाबद्दल म्हणाले, "लेखकाला आईचं पुढे काय करावं ते समजलं नाही, म्हणून त्यानं तिला मारलं."

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. अमळनेरचं कॉलेज नवंच निघालेलं. शनिवारी गाडीने घरी यायचो आणि रविवारी ओसरीवर हजर. प्राध्यापकांच्या व्याख्यानातले मोठे शब्द वहीत उतरवून आणायचो आणि बोलून दाखवायचो. लोक ऐकून घेत. नाना मान हलवत. पण मी बसलो की लोकांचे डोळे भाऊंकडे वळत. मला ते लागत होतं. आज कबूल करायला हरकत नाही, फार लागत होतं.

त्या रविवारी भाऊंच्या हातात एक मुखपृष्ठ नसलेली कादंबरी होती. पहिली पानंही गेलेली, त्यामुळे पुस्तकाचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, लेखकाचंही नाही. आम्ही तिला बिनकव्हरची म्हणायचो. मी ती वाचलेली नव्हती. भाऊ म्हणाले, वीस पानं राहिली आहेत, आणखी आठवडा हवा. मग नियमाप्रमाणे बोलले, "यातली सून गप्प राहते. सगळ्यांना वाटतं ती रमली. पण ती शेवटी घर सोडून जाईल."

त्याच आठवड्यात आमच्या प्राध्यापकांनी शिकवलं होतं की अभिप्रायाला पुस्तकातला आधार लागतो. आधार नसेल तर ते नुसतं वाटणं. मी उठलो आणि विचारलं, "कशावरून? पुस्तकात तसं कुठे आहे? ते वाक्य वाचून दाखवा ना, भाऊ."

मी नम्रपणे विचारलं होतं. पण मनात काय होतं ते मला माहीत आहे.

भाऊंनी पुस्तक उघडलं. एका पानावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "चष्मा राहिला घरी."

"घ्या, माझा घ्या," म्हणत शेठनी आपला चष्मा काढून पुढे केला. भाऊंनी तो डोळ्यांना लावला. पानाकडे पाहत राहिले. बोट हललं नाही. ओसरीवर कुणी तरी खोकलं. नाना खुर्चीतून अर्धे उठले आणि पुन्हा बसले. भाऊंनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि शेठच्या हातात दिला.

"माले वाचता येत नही," ते म्हणाले. "घरमा वाचतस."

आमच्याकडे बायकोला घरमाच म्हणतात. बाकीचं सगळं क्षणात माझ्या लक्षात आलं. ती भाकरी थापताना, धुणं वाळत घालताना वाचलेलं सांगत असणार आणि रविवारच्या आधी भाऊंकडून ते पाठ करून घेत असणार. बायका ओसरीवर येत नसत.

शेठनी काही वाईट मनाने नाही, सवयीने म्हटलं, "म्हणजे इतके दिवस आम्ही वहिनींचं भाषण ऐकत होतो की काय!"

सगळे हसले. मीही हसलो. भाऊ पुस्तक बगलेत धरून पायऱ्या उतरून गेले.

जिनातले लोक दुसऱ्या दिवसापासून त्यांना वहिनी म्हणू लागले. "वहिनी, ती गाठ इकडं द्या," असं. हे मला वडिलांकडून समजलं. तेही त्याच जिनात हमाली करायचे. जेवताना ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या माले बी चार लोकसमा वाचाले लावशी का?"

मी हातातला घास ताटात ठेवला.

भाऊ पुढच्या रविवारी आले नाहीत, त्याच्या पुढच्याही. तीन आठवड्यांनी नानांनी मला बाजूला बोलावलं. मग एवढंच म्हणाले, "त्या घरात जाणारं एकच पुस्तक होतं." मला आणखी काय सांगायला हवं होतं? भाऊंचा अपमान झाला हे खरंच. पण ज्या बाईला मी पाहिलेलंही नव्हतं, तिच्याकडे पुस्तक जाण्याची एकच वाट होती, ती मी बंद केली होती.

धीर करून एका सकाळी मी जिनामागच्या खोल्यांकडे गेलो. भाऊ दारात बाजेवर बसले होते. त्यांनी मला बसायला जागा करून दिली, पाणी दिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "चुकलं माझं. तुम्ही या. बोलायचा नियम नको असेल तर नाना सोडून देतील. किंवा मी पुस्तकं इथे आणून देत जाईन."

आत भाकरी थापण्याचा आवाज होता. मी पुस्तकं म्हटलं तसा तो थांबला.

"तू शिकेल शे, भाऊ," ते म्हणाले. त्यांच्याहून निम्म्या वयाच्या, पण शिकलेल्या मला ते भाऊ म्हणाले. "आमले नको आते. तुमनं पुस्तक पेटीमा शे. आनीसन देसू."

"राहिलेली पानं तरी..."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. आतला आवाज पुन्हा सुरू झाला.

मी बहिणीला पाठवून पाहिलं. विहिरीवर तिने एक दुसरं पुस्तक पदराआडून पुढे केलं. भाऊंच्या बायकोने ते हातात घेतलं, दोन पानं चाळली आणि परत दिलं. "यास्ले आवडाव नही," म्हणजे भाऊंना आवडणार नाही, एवढं म्हणाली आणि घागर उचलून गेली. बहीण सांगत होती, हातात घेतलं तेव्हा तिने आधी शेवटचं पान उघडून पाहिलं.

हंगाम संपला, जिनं बंद झाली, भाऊंची खोली रिकामी झाली. बिनकव्हरची कादंबरी त्यांच्याबरोबर गेली. ती एकच प्रत होती, त्यामुळे त्या सुनेचं काय झालं ते मलाही समजलं नाही. पुढच्या हंगामात भाऊ आले नाहीत. मी येणाऱ्या-जाणाऱ्याकडे चौकशी करायचो. कुणाला धड माहीत नव्हतं. मी ओसरीवर बोलणं सोडलं. पुस्तक परत करताना "बरं आहे" म्हणायचो, आणि नाना दुसरं देऊन टाकायचे.

इंटरच्या परीक्षेनंतर मी धुळ्याला शिकवण्या करायला येऊन राहिलो. परवा इथे नानांचं कार्ड आलं. अक्षर बारीक, कडेपर्यंत लिहिलेलं.

भाऊ रविवारी ओसरीवर आले होते. बायको चैत्रात तापाने गेली. तिच्यामागे पेटी उघडून पुस्तक काढलं, ते द्यायला आले होते. शेवटची वीस पानं राहिली तिथे दुमडलेलं पान तसंच होतं. भाऊंनीच ते पेटीत टाकून कुलूप घातलं होतं आणि तिने किल्ली कधी मागितली नाही. पुस्तक नानांपुढे ठेवून त्यांनी विचारलं, राहिलेलं वाचून दाखवाल का? नानांनी सगळ्यांसमोर ती वीस पानं मोठ्याने वाचली. शेठ दुकान उघडायला गेले नाहीत, बसून राहिले. वाचून झाल्यावर भाऊ आपणहून उभे राहिले आणि नियमाप्रमाणे, जमिनीकडे बघत बोलले.

"ती घर सोडीसन गई. घरमानी सांगंच व्हतं."